कोणतं कार्ड घेऊ? आपल्या भागातली रेंज आणि नेटचा वेग स्वतः मोजायची रीत

नातेवाइकांत मी ‘टॉवरवाली’ म्हणून ओळखली जाते. गाडीच्या मागच्या सीटवर लॅपटॉप मांडीवर घ्यायचा, त्याला जोडलेले फोन एकाच वेळी चालू ठेवायचे आणि गल्लीबोळ पालथे घालत टॉवरच्या कुठल्या सेक्टरची, म्हणजे एका दिशेला तोंड केलेल्या अँटेनाची, रेंज कुठवर पोचते ते नोंदवायचं, हे माझं काम. आमच्यात त्याला ड्राइव्ह टेस्ट म्हणतात. त्यामुळे ‘कोणतं कार्ड घेऊ?’ हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. मी उलट विचारते, ‘बसता कुठे? आणि नेट जास्त लागतं किती वाजता?’ हे कुणालाच आवडत नाही. त्यांना एक नाव हवं असतं.

ते नाव मला देता येत नाही, कारण एकाच इमारतीत रस्त्याकडच्या तिसऱ्या मजल्यावर एक कंपनी झकास चालते आणि मागच्या तळमजल्यावर तीच कंपनी फोनही लावू देत नाही. शहराची सरासरी तुमच्या झोपायच्या खोलीला लागू पडत नाही. पण मोजणं मात्र कुणालाही जमतं. आमच्या गाडीतल्या महागड्या स्कॅनरचं निम्मं काम हातातला फोन करतो. फक्त तो कसा धरायचा, काय बघायचं आणि कशावर विश्वास ठेवायचा नाही, एवढं कळायला हवं.

आधी जागा, मग कंपनी

कागद घ्या आणि जिथे फोन लागला नाही तर तुमचा खोळंबा होतो अशा पाच-सहा जागा लिहा. कामाचं टेबल. झोपायची खोली. घरात वयस्कर माणूस असेल तर त्याची खोली सगळ्यांत वर. गाडी लावायची जागा, लिफ्टचा पॅसेज, रोजच्या प्रवासातला तो एक टप्पा. प्रत्येक जागेपुढे वेळही लिहा: मुलाचा ऑनलाइन वर्ग सकाळी, मीटिंगा दुपारी, सिनेमा रात्री नऊनंतर. ज्या दोन-तीन जागी फोन चाललाच पाहिजे, त्यांवर खूण करा. ही यादी म्हणजे तुमचा खरा नकाशा. गच्चीवर जाऊन ‘बघ, किती स्पीड येतोय’ असं दाखवणारे लोक मला फार भेटतात. गच्चीवर कुणीच राहत नाही.

नकाशे कुठवर मानायचे

कंपनीच्या वेबसाइटवरचा रंगीत नकाशा हा बहुतेक वेळा मोजलेला नसतो, गणिताने काढलेला असतो. टॉवरची उंची, अँटेनाची दिशा आणि झुकाव, ताकद, जमिनीचे चढउतार, झाडी-इमारतींचा ढोबळ अंदाज हे सगळं सॉफ्टवेअरला द्यायचं आणि रंग भरून घ्यायचे. तेही बाहेर उघड्यावर उभ्या माणसासाठी. तुमची भिंत त्या गणितात नाही. सरकारी नकाशांचंही थोड्याफार फरकाने तेच. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने २०२२ मध्ये नवा नॅशनल ब्रॉडबँड मॅप आणला. त्यात मोबाइलचं कव्हरेज बाहेर उभं असताना आणि चालत्या गाडीत अशा दोन प्रकारे दाखवलंय, घरातलं नाही. ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामकाचा स्वतःचा तपासनीस नकाशा आहे. भारतात ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०२४ च्या नियमांनी कंपन्यांना तंत्रज्ञानानुसार कव्हरेजचे नकाशे आपापल्या वेबसाइटवर टाकायला लावलं.

या नकाशांचा उपयोग मी एकाच कामासाठी करते: नावं खोडायला. कंपनी स्वतःच म्हणत असेल की इथे आमचं काही नाही, तर तिच्यावर वेळ घालवायचा नाही. उरलेल्या दोन-तीन नावांची परीक्षा घ्यायची.

लोकांच्या फोनमधून गोळा केलेले नकाशे जास्त प्रामाणिक असतात. ओपनसिग्नल, एनपर्फ, ऊक्लाच्या स्पीडटेस्ट ॲपमधला नकाशा, आणि कुठला टॉवर कुठे आहे हे बघायला सेलमॅपर. पण तिथेही दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ठिपके रस्त्यांवर दाट असतात आणि घरांत विरळ, कारण माणसं फिरताना नोंदी होतात. आणि स्पीड टेस्ट दाबणारा माणूस एकतर वैतागलेला असतो, नाहीतर नव्या फाइव्ह-जी फोनच्या कौतुकात असतो. मधला, ज्याचं सगळं नीट चाललंय, तो कशाला टेस्ट करेल? तारखेचा फिल्टर असेल तर जुन्या नोंदी काढून टाका. मधल्या काळात नवा टॉवर उभा राहिला असेल तर जुना ठिपका दिशाभूल करतो.

पट्ट्या सोडा, आकडा बघा

फोनच्या डोक्यावरच्या चार-पाच पट्ट्या हे मोजमाप नव्हे. किती सिग्नलला किती पट्ट्या, याचा सगळ्यांना बांधून ठेवणारा नियमच नाही. २०१० मध्ये आयफोन ४ च्या अँटेनावरून गदारोळ झाला, तेव्हा ॲपलने पत्रक काढून कबूल केलं की पट्ट्या दाखवायचं आपलं सूत्रच चुकीचं होतं आणि बऱ्याचदा दोन पट्ट्या जादा दिसत होत्या. अँड्रॉइडमध्ये तर कुठल्या आकड्याला कुठली पट्टी, हे कंपनीनुसार बदलायची सोय आहे. एक पट्टी फुगवून दाखवायची सेटिंगही त्यात आहे. तेव्हा ‘माझ्या कार्डाला चार पट्ट्या, तुझ्याला तीन’ ही तुलना निकालात काढा.

आकडा सापडतो असा. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’, त्यात ‘सिम स्टेटस’, त्यात ‘सिग्नल स्ट्रेंथ’. पुष्कळ फोनवर डायल करायच्या जागी *#*#४६३६#*#* टाकलं की चाचणीचं पानच उघडतं. आयफोनवर *३००१#१२३४५#* टाकून कॉलचं बटण दाबा. आयफोनवर बाहेरच्या ॲपला हे आकडे वाचायची मुभा नाही, म्हणून तिथे हाच एक रस्ता. अँड्रॉइडवर सेलमॅपर किंवा नेटवर्क सेल इन्फो यांसारखं ॲप टाकलंत तर आकडा, बँड आणि सेल आयडी (टॉवरच्या ज्या भागाला, म्हणजे सेलला, फोन जोडलाय त्याचा क्रमांक) एकाच पडद्यावर दिसतात. मोजणी करायची तर ॲपच सोयीचं.

आता त्यातला पहिला आकडा: आरएसआरपी. टॉवरचा सिग्नल तुमच्यापर्यंत किती जोरात पोचतो, ते डीबीएम या एककात. आकडा उणे असतो, म्हणून शून्याकडे सरकेल तितका चांगला. उणे ८५ उत्तम, उणे ९५ ठीक, उणे १०५ ला घरात कटकट सुरू, उणे ११५ च्या खाली गेलं की फोन टॉवरला कसाबसा धरून आहे असं समजा. माझी नणंद पहिल्यांदा म्हणाली होती, ‘माझ्याकडे एकशे दहा आहे, तुझ्याकडे नव्वदच!’ मोठ्या अभिमानाने. तर उणे विसरू नका.

आणि हे पाढे साधे नाहीत. १० चा फरक म्हणजे दहापट, ३ चा फरक म्हणजे जवळजवळ दुप्पट. उणे ९० आणि उणे ११० यांत शंभरपट अंतर आहे. म्हणूनच दोन कार्डांत २-३ चा फरक आला तर तो मनावर घेऊ नका, तेवढा हात हलवल्यानेही येतो. १० चा आला तर तो खरा.

हात हलवल्याने का येतो, तेही सांगते. सिग्नलच्या लाटा भिंतींवर आपटून परत येतात, कुठे एकमेकींत मिसळून वाढतात, कुठे एकमेकींना खाऊन टाकतात. ९०० मेगाहर्ट्झची लाट साधारण ३३ सेंटीमीटर लांब, ३,५०० मेगाहर्ट्झची साडेआठच्या आसपास. त्यामुळे वीतभर सरकलात की आकडा पाच-सातने उडी मारतो. खोलीत एकाच ठिकाणी ताठ उभं राहून एकदा वाचलेला आकडा टाकाऊ. खोलीत सावकाश फिरा, मिनिटभर आकडा बघत राहा आणि तो जिथे रेंगाळतो ते लिहा.

दुसरा आकडा लोक बघतच नाहीत आणि नेमका तोच जास्त बोलका असतो: एसआयएनआर. हवा तो सिग्नल आणि बाकीचा गोंगाट यांचं प्रमाण. गर्दीच्या हॉलमध्ये शेजारचा कितीही जोरात बोलला तरी बाकीचेही ओरडत असतील तर शब्द कळत नाहीत, तसं हे. २० च्या वर असेल तर सुरेख, १० च्या वर असेल तर चालतं, शून्याखाली गेला की रेंज दांडगी असूनही नेट रडतं. काही फोन हा आकडा दाखवत नाहीत. तिथे आरएसआरक्यू बघा. उणे १० च्या आसपास चांगला, उणे १५ च्या पलीकडे वाईट.

तिसरी नोंद बँडची. बँड म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर फोन बसलाय ते. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झवाले बँड लांब जातात आणि भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरतात, पण तिथे जागा अरुंद, म्हणून वेग बेताचा. १,८०० ते २,६०० मधले शहरात वेग देतात. ३,३०० ते ३,८०० वर बरंचसं फाइव्ह-जी चालतं: रस्ता ऐसपैस, एकाच पट्ट्यात १०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदी मिळू शकते, फोर-जीत ती २० वर संपते. पण काँक्रीटपुढे त्याचा दम तुटतो. आणि ऊन अडवायला धातूचा पातळ लेप दिलेल्या काचा असतील, तर कुठलाच बँड सुखाने आत येत नाही. अशी काच सिग्नल शंभरपट सहज कमी करते. नव्या चकचकीत इमारतीत रेंज का नाही, हा प्रश्न मला ज्यांनी विचारला त्यांतल्या बहुतेकांचं उत्तर खिडकीत होतं.

एक खोडी अशी की फोन स्वस्थ पडलेला असतो तेव्हा एका बँडवर असतो आणि नेट चालू झालं की दुसऱ्यावर उडी मारतो. म्हणून बँड बघायचा तो व्हिडिओ चालू असताना. फाइव्ह-जीच्या खुणेचंही असंच. पुष्कळ ठिकाणी फाइव्ह-जी हे फोर-जीच्या आधाराने चालतं. वर ‘फाइव्ह-जी’ लिहिलेलं दिसतं आणि खाली सगळा डेटा फोर-जीवरून येत असतो. खूण बघून नोंद करू नका, ॲपमधला बँड बघून करा.

एकच फोन, दोन कार्डं

तुमच्या फोनवर तुमचं कार्ड आणि शेजाऱ्याच्या फोनवर त्याचं कार्ड अशी तुलना केलीत तर तुम्ही फोन तपासलेत, कंपन्या नव्हे. अँटेना वेगळे, मोडेम वेगळे, कुणाला कुठला बँड पकडता येत नाही. दोन सिमचा एकच फोन घ्या आणि दोन्ही कार्डं त्यात टाका. कार्ड विकत घ्यायचंच तर सगळ्यांत छोटा प्रीपेड प्लॅन पुरे. काही देशांत काही कंपन्या ई-सिमवर थोड्या दिवसांची फुकट चाचणी देतात, ती मिळाली तर उत्तमच. तेही नसेल तर शेजाऱ्याकडून कार्ड तासाभरासाठी मागा. मात्र त्याला ओटीपी कुठल्या फोनवर येतात ते आधी विचारा.

दोन सिमच्या फोनमध्ये डेटा एका वेळी एकाच सिमवरून वाहतो. म्हणून डेटाचं सिम बदलत आळीपाळीने मोजायचं: पहिलं, दुसरं, पुन्हा पहिलं, पुन्हा दुसरं. एकाचं सगळं आधी आणि दुसऱ्याचं सगळं नंतर केलंत तर मधल्या वेळात टॉवरवरची गर्दी बदलते आणि तुलना बिघडते. दर बदलानंतर विमान मोड चालू करून बंद करा. नाहीतर फोन जुन्या सेललाच चिकटून राहतो.

प्लॅनही सारखा हवा. दिवसाचा डेटा संपल्यावर कंपन्या वेग मुद्दाम कमी करतात. संपत आलेलं जुनं कार्ड आणि कोरं करकरीत नवं कार्ड यांची शर्यत लावू नका. काही छोट्या कंपन्यांचे स्वतःचे टॉवरच नसतात, त्या मोठ्या कंपनीचं नेटवर्क भाड्याने घेतात, आणि गर्दीच्या वेळी त्यांच्या गिऱ्हाइकाला मागच्या रांगेत उभं केलं जाऊ शकतं. ओळखायचं कसं? एकाच जागी, एकाच बँडवर दोन्ही कार्डांचा सेल आयडी सारखाच आला तर दोघांचं खालचं नेटवर्क एकच. मग सकाळी दोन्हींचा वेग सारखा आणि रात्री एकाचाच पडला, तर रांग कुणाची मागे आहे ते कळलं.

वेग मोजताना

वायफाय बंद, व्हीपीएन बंद, बॅटरी सेव्हर बंद, ॲपचे अपडेट थांबवलेले. फोन टेबलावर ठेवून नव्हे, रोज जसा हातात धरता तसाच धरायचा, कव्हरसकट. धातूचं कव्हर असेल तर ते एकदा काढूनही बघा, मजा येईल.

स्पीडटेस्ट ॲप आपणहून जवळचा सर्व्हर निवडतं. तो पुष्कळदा तुमच्याच कंपनीच्या आवारातला असतो, म्हणजे डेटा घराबाहेर न पडताच मोजला जातो. दोन्ही कार्डांसाठी एकच सर्व्हर हाताने निवडा, शक्यतो दोघांपैकी कुणाचाही नसलेला. त्याच्या जोडीला फास्ट डॉट कॉम लावा. ते नेटफ्लिक्सचं, २०१६ पासूनचं, आणि नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरूनच डेटा ओढतं. पहिल्या ठिकाणी वेग दणकून आणि दुसऱ्या ठिकाणी सारखाच कमी येत असेल, तर व्हिडिओचा वेग कुठेतरी बांधून ठेवलाय असा संशय घ्यायला जागा आहे.

डेटाचा हिशोब मात्र ठेवा. १०० एमबीपीएसचा वेग दहा सेकंद मोजला तर १२५ एमबी गेले, ३०० चा मोजला तर ३७५. एमबीपीएस म्हणजे मेगाबिट आणि आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ८० एमबीपीएसच्या जोडणीवर फाइल सेकंदाला १० एमबीनेच उतरते. यावरून कंपनीला शिव्या घालू नका. छोट्या प्लॅनवर चार-पाच चाचण्यांत दिवसाचा डेटा उडू शकतो.

प्रत्येक जागी, प्रत्येक कार्डावर निदान पाच वेळा मोजा आणि आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्या. सरासरी घेऊ नका. एकदा चुकून २५० आला की सरासरी फुगते आणि तुम्ही फसता. मधल्याइतकाच महत्त्वाचा सगळ्यांत खालचा. रोज ४० देणारं आणि कधीच १५ खाली न जाणारं कार्ड मी घेईन. कधी २०० आणि कधी २ देणारं घेणार नाही. जाहिरातीत नेमकं दुसरं झळकतं.

वेग लागतो तरी किती? नेटफ्लिक्सच्याच सांगण्याप्रमाणे फुल एचडीला ५ एमबीपीएस पुरतात आणि फोर-केला १५. व्हिडिओ मीटिंगला दोन्ही बाजूंनी ३-४ असले की भागतं. म्हणजे ६० आणि ९० यांच्यातला फरक फोनवर तुम्हाला कधीच जाणवणार नाही. जाणवतो तो दोन गोष्टींचा: अपलोड आणि लेटन्सी, म्हणजे डेटा जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ. लेटन्सी दोन प्रकारे दिसते, रिकाम्या जोडणीवर आणि भरलेल्या जोडणीवर. फास्ट डॉट कॉमवर जास्तीची माहिती उघडली की दोन्ही आकडे येतात. रिकामी असताना ४० मिलिसेकंद आणि भरल्यावर ६०० झाली, तर घरात कुणी फोटो बॅकअपला लावले की तुमची मीटिंग अडखळणार. आवाजासाठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेने एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवायला सांगितलंय. त्याच्या फार पुढे गेलं की माणसं एकमेकांच्या बोलण्यात घुसायला लागतात.

आणि वेळ. तुम्ही यादीत लिहिली तीच. पहाटे पाचला सगळ्याच कंपन्या राजा. एक चाचणी पहाटेची जरूर घ्या, पण ती कार्ड निवडायला नव्हे, दुखणं ओळखायला.

दुखणं कुठे आहे

ही खरी गंमत. वेगाचा आकडा नुसता घेतलात तर कार्ड वाईट एवढंच कळतं. रेंज, एसआयएनआर आणि वेळ शेजारी मांडलीत की का वाईट, ते कळतं. कारणानुसार उपाय पार बदलतो.

रेंज उणे ८५, पहाटे वेग ९०, रात्री नऊला ३. सिग्नलमध्ये काहीच खोट नाही; टॉवर भरलाय. एका सेक्टरची क्षमता त्यावरच्या सगळ्यांत वाटली जाते आणि रात्री सगळे एकदम जेवणानंतर व्हिडिओ लावतात. इथे खिडकीजवळ जाऊन, फोन बदलून किंवा रेंज वाढवायचं यंत्र आणून तिळमात्र फरक पडत नाही. कंपनी बदलणं किंवा त्याच कंपनीचा मोकळा बँड पकडणं हाच उपाय. फोर-जी भरलेलं आणि फाइव्ह-जी रिकामं, अशी ठिकाणं मी खूप पाहिली आहेत. तिथे नवा फोन नव्या कार्डापेक्षा जास्त कामाचा ठरतो.

रेंज उणे ११२, डाउनलोड १२, अपलोड शून्याला टेकलेलं. हे अंतराचं किंवा भिंतीचं दुखणं. टॉवर दहा-वीस वॅट आणि त्याहून जास्त ताकदीने बोलतो. तुमचा फोर-जी फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटने. टॉवरचं बोलणं तुमच्यापर्यंत पोचतं, तुमचं त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून अशा ठिकाणी व्हिडिओ दिसतो आणि फोटो जात नाही, समोरच्याचा आवाज येतो आणि त्याला तुमचा तुटतो. फोन पूर्ण ताकदीने ओरडत राहिल्याने बॅटरीही दुपारीच मान टाकते. बॅटरी खराब झाली म्हणून फोन दुरुस्तीला नेण्याआधी हा आकडा बघत जा. इथे टेबल खिडकीकडे सरकवल्याने खरंच फरक पडतो. काच लेप दिलेली असेल तर ती उघडल्यानेही. आणि ज्या कंपनीकडे ७००-९०० चा बँड आहे तिचं कार्ड इथे जिंकतं, मग गच्चीवर तिचा वेग कितीही कमी असो.

रेंज उणे ८०, एसआयएनआर २, वेग मंद, पहाटेही मंदच. हे उंच मजल्यांवर फार. अँटेना रस्त्याच्या दिशेने खाली झुकवलेले असतात, तेराव्या-चौदाव्या मजल्यावर सरळ समोरून चार-पाच टॉवरांचा सिग्नल येतो आणि सगळे एकमेकांत मिसळतात. सेल आयडी दर मिनिटाला बदलताना दिसेल. खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीच्या आडोशाला गेलात तर रेंज कमी होऊन वेग वाढतो. उलटं वाटतं, पण करून बघा: आडोसा लांबच्या टॉवरांना जास्त अडवतो.

रेंज, एसआयएनआर, डाउनलोड सगळं ठणठणीत आणि तरी एकच ॲप रखडतं, किंवा लेटन्सी तिप्पट. मग दोष हवेत नाही, तारेत आहे: कंपनीचा डेटा कुठल्या वाटेने बाहेर पडतो त्यात. परदेशात रोमिंगवर असाल तर डेटा पुष्कळदा आधी मायदेशी जाऊन मग परत येतो. तिथे लेटन्सी वाढणारच.

कॉल वेगळे तपासा

नेट चांगलं म्हणजे कॉल चांगला, असं नाही. फोर-जीवरून कॉल व्हायला व्होएलटीई लागतं, आणि ते फोन, कार्ड आणि कंपनी तिघांनाही मान्य असावं लागतं. नसेल तर कॉल लावताच फोन थ्री-जी किंवा टू-जीवर घसरतो. जिथे ती नेटवर्कं बंद झाली आहेत तिथे कॉलच लागत नाही. यादीतल्या प्रत्येक जागेवरून कॉल लावा, बोलत बोलत दाराबाहेर आणि जिन्यापर्यंत चाला. दुसऱ्या फोनवरून आलेला कॉल किती उशिराने वाजतो तेही बघा. ही शेवटची चाचणी कुणी करत नाही आणि ‘मी तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस’ ही भांडणं तिथूनच निघतात. घरात वायफाय चांगलं असेल तर वायफाय कॉलिंग देणारी कंपनी उणे ११५ मध्येही कॉलपुरती चालून जाते. तेवढ्यासाठी कंपनी बदलू नका.

प्रवासातलं

गाडी चालवणाऱ्याने फोनला हात लावायचा नाही, हे आधी. मागे बसलेल्याने स्पीड टेस्ट दाबत बसण्यात अर्थ नाही. दहा सेकंदांत तुम्ही दुसऱ्या सेलमध्ये गेलेले असता. त्यापेक्षा एक लांब कॉल चालू ठेवा किंवा गाणी ऑनलाइन लावा आणि कुठे तुटतं ते लिहा. सेलमॅपर चालू ठेवलंत तर वाटेभरचे आकडे आपोआप साठतात. एकाच जागी रोज तुटत असेल तर तिथे दोन टॉवरांमधली सोपवणी बिघडलेली आहे किंवा रेंजचा खड्डा आहे, आणि तो त्याच कंपनीपुरता असतो. खडकात खोदलेला बोगदा मात्र सगळ्यांना सारखा.

निवडताना, आणि नंतर

सगळे आकडे एका तक्त्यात मांडलेत की बेरीज करून विजेता काढायचा मोह होतो. करू नका. यादीत ज्या जागेवर खूण केलीत, तिथे जे कार्ड नापास, ते बाद. बाकी ठिकाणी ते पहिलं आलं असलं तरी. उरलेल्यांतून स्वस्त असेल ते घ्या. दुसरं कार्ड राखीव ठेवायचं असेल तर ते वेगळ्या नेटवर्कचं आहे ना, हे सेल आयडीवरून बघा. नंबर पोर्ट करायचा तो हे सगळं झाल्यावर.

समोर नवी इमारत उठली, फोन बदलला, जुनं नेटवर्क बंद झाल्याची बातमी आली, की त्या दोन-तीन जागा पुन्हा मोजा.

आणि आहे त्याच कंपनीत राहायचं ठरलं, तर या नोंदी तक्रारीला जोडा. ‘नेट स्लो आहे, लवकर बघा’ अशा तक्रारी माझ्यापर्यंत येतात तेव्हा त्यांवर मला काहीच करता येत नाही. ‘लवकर’ बघायला कुठे ते तरी माहीत हवं. तारीख, वेळ, सेल आयडी, बँड, आरएसआरपी, एसआयएनआर आणि पत्त्यासोबत मजला एवढं लिहिलेलं असेल, तर मी त्याच सेक्टरचा त्याच तासाचा आलेख उघडते. मजला लिहायला विसरू नका, तो कुणीच लिहीत नाही.